वाचकांचे प्रश्न : पाळणाघरात पूर्णवेळ मुलं कशी येतील?

या वेळची बरीचशी पत्रं घरगुती पाळणाघर चालवणाऱ्यांची आहेत. मीही राहत्या घरात पाळणाघर चालवलं. आता कारभार सुनेच्या हाती आहे आणि माझ्याकडे सल्ले देण्याचं काम उरलंय, त्यामुळे या पत्रांना उत्तरं देताना हात जरा जास्तच सैल सुटलाय.

प्रश्न : ताई, माझ्याकडे सहा मुलांची सोय आहे, सकाळी 9 ते संध्याकाळी 6. सध्या चार मुलं सोमवार-बुधवार-शुक्रवार येतात, तीन मंगळवार-गुरुवार, आणि दोघं शाळा सुटल्यावर रोज 3 ते 6. पटावर नऊ मुलं आहेत, तरी महिन्याचं गणित बसत नाही. पूर्णवेळ ठेवणाऱ्या पालकांचे फोन येतात, फी विचारतात आणि पुन्हा फोन करत नाहीत. पाटी लावली, पत्रकं वाटली, सोशल मीडियावर टाकून झालं. आणखी कुठे जाहिरात करू?

उत्तर : जाहिरात तूर्त थांबवा. उद्या सकाळी एखादी आई दारात येऊन म्हणाली, ‘सोमवार ते शुक्रवार, 9 ते 6, उद्यापासून ठेवते’, तर तुम्ही तिला हो म्हणू शकणार आहात का? कागदावर आठवडा मांडून बघा. सोमवार, बुधवार, शुक्रवारी 3 वाजल्यानंतर चार आणि दोन, सहा. घर भरलं. त्याच दिवशी सकाळी 9 ते 3 दोन जागा रिकाम्या. मंगळवार-गुरुवारी सकाळी तर तीन रिकाम्या. म्हणजे पूर्णवेळ मूल अडतंय ते आठवड्यातल्या फक्त 9 तासांपायी. 45 तासांचं मूल 9 तासांसाठी परत जातंय, आणि तुम्हाला वाटतंय की लोकांना आपला पत्ता माहीत नाही.

जागा मुलांनी मोजू नका, आठवड्याच्या रकान्यांनी मोजा. सोम-बुध-शुक्रचं एक मूल आणि मंगळ-गुरूचं एक मूल मिळून एक जागा. तुमच्याकडे अशा तीन जोड्या सरळ लागतात. चौथं सोम-बुध-शुक्रवालं मूल एकटं पडतं. त्याच्या आईबाबांनाच आधी विचारा की पाचही दिवस हवेत का. ‘नको’ म्हणाले तर त्याला मंगळ-गुरूचा जोडीदार शोधा, पण नवीन जागा उघडू नका. चार जागा झाल्या. उरलेल्या दोन जागांवर शाळेनंतरची दोन मुलं बसली आहेत, आणि खरी गाठ तिथे आहे.

त्यांना काढून टाका असं मी म्हणणार नाही. जी माणसं तुमच्यावर विसंबली त्यांना एका महिन्याच्या नोटिशीवर घालवलंत, तर ती गोष्ट तुमच्या जाहिरातीच्या आधी सगळीकडे पोचेल. शाळेचं वर्ष संपेपर्यंत मुदत द्या, लेखी द्या, आणि पुढच्या वर्षी शाळेनंतरची मुलं घ्यायची नाहीत असं ठरवा. यात आणखी एक कारण आहे. एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसभरात 11 ते 14 तास झोप लागते आणि त्यातला चांगला मोठा तुकडा दुपारचा असतो. 3 वाजता दोन शाळकरी मुलं दप्तरं आपटत आत आली की लहानगी दचकून उठतात. मग 6 वाजता पालकांच्या हाती किरकिरं मूल जातं. पूर्णवेळ आईला दिवसाचा शेवटचा तासच बाळासोबत मिळतो; तोही रडण्यात गेला की दोष पाळणाघराकडे येतो.

फीचंही एक. तीन दिवस येणाऱ्या मुलाला तुम्ही पूर्ण फीच्या तीन पंचमांश, म्हणजे 60 टक्के लावत असणार. बहुतेकजणी असंच करतात. पण त्या जागेचे उरलेले दोन दिवस विकले जातीलच असं नाही, ती जोखीम तुमची. मी तीन दिवसांना 75 टक्क्यांच्या आसपास लावायचे. त्याचा दुसरा परिणाम असा व्हायचा की काही पालक स्वतःच हिशेब करून म्हणायचे, ‘एवढंच असेल तर पाचही दिवस ठेवतो.’ आणि फी जागेची असते, हजेरीची नाही, हे पहिल्याच दिवशी कागदावर असू द्या. मूल मामाकडे गेलं म्हणून तुमचं घरभाडं थांबत नाही.

आता फोन. ‘फी किती?’ हा पहिला प्रश्न असतो, कारण दुसरं काय विचारायचं ते सुचत नाही. पहिलटकरणीला तर नाहीच. तुम्ही आकडा सांगून गप्प बसता, ती ‘बरं, कळवते’ म्हणते, संपलं. फी सांगायचीच, लपवाछपवी नको. पण त्याआधी विचारा : बाळ केवढं आहे, आणि कामावर कधी रुजू व्हायचंय? या दोन प्रश्नांवर बायका दहा मिनिटं बोलतात. दहा मिनिटं ऐकून घ्या, आणि भेटीचा दिवस ठरल्याशिवाय फोन ठेवू नका. फोन घेता आला नाही तर दुपारी मुलं झोपल्यावर करा, त्याच दिवशी. कामावर जाणाऱ्या बाईनं एका दुपारीत चार ठिकाणी फोन केलेले असतात. दुसऱ्या दिवशीपर्यंत तिचं मन बसलेलं असतं.

भेटीला मुलं असताना बोलवा, साधारण 10-11च्या सुमाराला. संध्याकाळी सगळं आवरल्यावर बोलवलंत तर घर छान दिसेल, पण तुम्ही रडणाऱ्या मुलाला कसं उचलता ते दिसणार नाही, आणि ते बघायलाच तर माणसं येतात.

माझ्याकडे एकदा एक जोडपं आलं. बाई सगळं विचारत होती, खेळणी, गाणी, अक्षरओळख. नवरा एक शब्द बोलला नाही. तो उठला, न्हाणीघराच्या दाराची कडी मुलाच्या हाताला पोचते का ते पाहिलं, खिडकीचे गज हलवून बघितले, आणि निघताना चप्पल घालता घालता विचारलं, ‘तुम्ही आजारी पडलात तर?’ मी बदलीच्या बाईंचं नाव सांगितलं, त्या दर आठवड्याला एक सकाळ मुलांत येऊन बसतात आणि मुलं त्यांना ओळखतात हेही सांगितलं. भिंतीवर मी हौसेनं लावलेल्या चित्रांकडे दोघांनीही पाहिलं नाही. बाळ मात्र माझ्याकडे ठेवलं.

पूर्णवेळ पालकांचा जीव याच प्रश्नात अडकलेला असतो. दोन-तीन दिवस ठेवणाऱ्यांकडे बाकीच्या दिवशी आजी असते, शेजारीण असते, घरून काम असतं. तुम्ही एक दिवस बंद ठेवलंत तर ते निभावून नेतात. पूर्णवेळवाल्यांना दुसरं कोणी नसतं. त्यांना तुमच्याकडून आधी खात्री हवी असते, गाणी-चित्रं मागाहून. म्हणून वर्षभराच्या सुट्ट्यांची यादी वर्षाच्या सुरुवातीलाच हातात द्या. 6 म्हणजे 6 की सव्वासहा चालतील, उशीर झाला तर काय, तेही लिहा. मूल न्यायला कोणकोण येऊ शकतं त्यांची नावं प्रवेशाच्या वेळीच घ्या, आणि यादीबाहेरचा माणूस आला तर मूल देणार नाही, मग तो सख्खा काका का असेना, हे तोंडावर सांगा. काहीजणांना ते लागतं. ज्यांना बरं वाटतं ते तुमचे पालक.

आजारपणाचंही आधीच बोला. लहान मुलांना वर्षाला सहा ते आठ वेळा सर्दी होणं नेहमीचं आहे, चार मुलांत राहणाऱ्याला त्याहूनही जास्त. प्रत्येक वाहत्या नाकाला तुम्ही ‘घेऊन जा’ म्हटलंत तर आईची नोकरी राहणार नाही, आणि काहीच न पाहता सगळ्यांना घेतलंत तर बाकीचे पालक जातील. साधी रेघ आखा : ताप 38 अंश सेल्सिअस, म्हणजे 100.4 फॅरनहाइट किंवा वर, उलट्या, जुलाब, अंगावर न ओळखता येणारं पुरळ असेल तर घरी. नुसती सर्दी आणि मूल खेळतंय तर येऊ द्या. तापाचं औषध न देता 24 तास ताप नसेल तरच परत. हे मी थर्मामीटरशेजारी भिंतीवर चिकटवलं होतं, म्हणजे वाद माझ्याशी व्हायचा नाही, कागदाशी व्हायचा.

एक प्रश्न पालकांच्या ओठांवर असतो पण ते विचारत नाहीत : घरात आणखी कोण राहतं? तो त्यांनी विचारायची वाट बघू नका. ‘माझे मिस्टर 7 नंतर येतात, मुलगा आतल्या खोलीत अभ्यास करतो, मुलांना शू-शीला मीच नेते, कपडे मीच बदलते.’ एवढं सरळ सांगितलं की समोरच्या माणसाचे खांदे खाली आलेले दिसतात.

तान्ह्या बाळाच्या आईला झोपायची जागा दाखवा. सपाट, घट्ट गादी, उशी नाही, मऊ खेळणी नाहीत, आणि बाळ पाठीवर. 1990च्या दशकात अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये बाळांना पाठीवर झोपवा अशा मोहिमा झाल्या, आणि तान्ह्या बाळांचे झोपेतले अचानक मृत्यू तिथे निम्म्याहूनही खाली आले. आजीच्या पिढीला पालथं झोपवायची सवय असते, म्हणून कारणासकट सांगा. आणि पूर्णवेळ मिळतायत म्हणून तीन-चार तान्ही घेऊ नका. तुमच्याकडच्या नियमात संख्या असेलच, ती पाळायचीच. पण नियम नसता तरी माझं म्हणणं हेच की एकटीनं दोनांच्या वर तान्ही घेऊ नयेत. धावत घराबाहेर पडायची वेळ आली तर कडेवर दोनच मावतात.

हे सगळं जागेवर आलं की मग जाहिरात. पत्रकं वाऱ्यावर वाटण्यापेक्षा, ज्यांना सहा महिन्यांनी तुमची गरज लागणार आहे त्यांच्यापर्यंत पोचा. पूर्णवेळ पालक म्हणजे बहुतेक वेळा रजेवरून परतणारी आई, आणि तिची शोधाशोध रजा संपायच्या बरीच आधी, कधी पोटात बाळ असतानाच सुरू होते. बालरोगतज्ज्ञांचा दवाखाना, प्रसूतिपूर्व वर्ग घेणाऱ्या बाई, आसपासच्या कचेऱ्यांत माणसांच्या रजा बघणारा विभाग; या तीन ठिकाणी स्वतः जाऊन भेटा. अर्ध्या दिवसाच्या बालवाडीच्या बाईंशीही ओळख ठेवा, त्यांना रोज कोणीतरी विचारत असतं, ‘12 नंतर मुलाला कुठे ठेवू?’ सगळ्यांत उपयोगी पडतात ते तुमचेच जुने पालक. दोघांना विचारून ठेवा, नव्या आईनं फोन केला तर बोलाल का म्हणून. आणि वही ठेवा : कोणतं मूल कधी शाळेत जाणार, कोणती जागा कोणत्या महिन्यात सुटणार. ‘आत्ता जागा नाही, पण जूनमध्ये एक होतेय, नाव लिहून ठेवू?’ असं म्हणता आलं पाहिजे. नाव लिहिलं की महिन्यातून एक फोन करायचा, नाहीतर ती वही रद्दीत घाला.

प्रश्न : आमच्या जवळच मोठं डे-केअर सुरू झालंय. रंगीत भिंती, प्रत्येक खोलीत कॅमेरा, पालकांना मोबाइलवर दिवसभर मूल दिसतं. माझ्याकडे दोन पूर्णवेळ मुलं होती, एक तिकडे गेलं. मीही कॅमेरे लावू का?

उत्तर : लावायचे तर दाराशी एक लावा, येण्याजाण्याच्या नोंदीसाठी. दिवसभराचं प्रक्षेपण करू नका. एका आईच्या मोबाइलवर तिच्या बाळाबरोबर बाकीची चारही दिसतात, कपडे बदलतानासुद्धा. त्या चौघांच्या पालकांनी त्याला कुठे होकार दिलाय? शिवाय तुकड्या-तुकड्यानं बघणाऱ्याला प्रत्येक रडणं दिसतं, त्यानंतरचं गप्प होणं दिसत नाही. मग 11 वाजता फोन, 12 वाजता फोन. तेवढा वेळ मुलांचा जातो.

मोठ्या केंद्राशी रंगांत स्पर्धा करू नका, हराल. त्यांच्याकडे नाही असं तुमच्याकडे एकच आहे : माणूस बदलत नाही. तिकडे सकाळची ताई वेगळी, दुपारची वेगळी, वय वाढलं की वर्ग वेगळा. तुमच्याकडे आठव्या महिन्यात आलेलं बाळ शाळेत जाईपर्यंत तुमच्याच हाताखाली असतं, आणि भाऊ-बहीण एकाच खोलीत राहतात. दोन मुलं असलेल्या घरांना हे आवर्जून सांगा. आणि गेलेल्या मुलाच्या आईला महिन्याभरानं एकदा सहज फोन करा. परत या म्हणू नका. मूल कसं रुळलं एवढंच विचारा. काही परत येतात.

प्रश्न : पूर्णवेळ मूल येतं आणि आठवड्याभरात पालक काढून घेतात. ‘खूप रडतो’ म्हणतात. आई गेल्यावर पाच मिनिटांत तो खेळायला लागतो, पण हे त्यांना पटत नाही. सगळी साधारण 9 ते 14 महिन्यांची बाळं आहेत.

उत्तर : नेमकं तेच वय आहे. आठव्या महिन्याच्या आसपास बाळाला आपली माणसं आणि परकी माणसं यातला फरक कळू लागतो, आणि पुढे दीड वर्षाचं होईपर्यंत सोडून जाणं त्याला जड जातं. हे आईला प्रवेशाच्या वेळीच सांगितलं पाहिजे. रडायला लागल्यावर सांगितलंत तर ती सबब वाटते.

कामावर रुजू व्हायच्या आदल्या दिवशी प्रवेश देऊ नका. दोन आठवडे आधीपासून बोलवा : पहिले दोन-तीन दिवस आई इथेच बसेल, मग अर्धा तास बाहेर जाऊन येईल, मग जेवणापर्यंत, मग झोपेसकट. त्या दोन आठवड्यांची फी घ्या, फुकट नको. फुकट असलं की पालक ते टाळतात. निघताना मात्र चोरून जायचं नाही. ‘आई ऑफिसला चालली, झोपून उठलास की येते’ म्हणायचं, आणि निघायचं. दारात रेंगाळणारी आई बाळापेक्षा जास्त रडवते. घरातल्या वासाचं काहीतरी, आईची जुनी ओढणी वगैरे, सोबत आणू द्या, पण वर्षाच्या आतलं बाळ असेल तर झोपताना ते जवळ ठेवायचं नाही.

पाच मिनिटांत खेळतो हे तोंडानं सांगून पटत नाही, बरोबर. पहिल्या आठवड्यात आई गेल्यानंतर दहाव्या मिनिटाला एक छोटा आवाजी संदेश पाठवा, मागे त्याचा खेळण्याचा आवाज असू द्या. ती बसमध्ये रडत बसलेली असते. मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी गेल्या शतकाच्या उत्तरार्धात आई आणि बाळाची थोडा वेळ ताटातूट करून निरीक्षणं केली. त्यांनी भर दिला तो आई परत आल्यावर बाळ काय करतं यावर : जवळ येतं का, कुशीत शांत होतं का. नुसत्या रडण्यावरून त्या निष्कर्ष काढत नव्हत्या. म्हणून आईला सांगा, सकाळचं दार विसर, संध्याकाळचं बघ. संध्याकाळी न्यायला येतील तेव्हा लगेच पिशवी हातात देऊन वाटेला लावू नका, पाच मिनिटं बसू द्या. बाळ धावत येऊन गळ्यात पडतं आणि मग पुन्हा वळून तुम्हाला काहीतरी दाखवायला येतं, ते तिला दिसू दे.

तीन-चार आठवड्यांनंतरही बाळ दिवसभर गप्प असेल, खात नसेल, झोपत नसेल, तर मात्र ‘रुळेल’ म्हणत बसू नका. पालकांना बोलवा आणि सरळ बोला.

प्रश्न : मुलांचे फोटो स्टेटसला टाकले तर चौकशा वाढतात. टाकू का?

उत्तर : लेखी परवानगी नसेल तर चेहरा नाही. मातीनं भरलेले हात, पाठमोरी मुलं, रांगेत ठेवलेल्या चपला टाका. चौकशी त्यानंही होते. नाव आणि येण्याजाण्याची वेळ कळेल असं काहीही नको.

प्रश्न : एक कुटुंब पूर्णवेळ यायला तयार आहे, दोन मुलं आहेत, पण फीमध्ये मोठी सूट मागतंय. शिवाय रोज सातपर्यंत ठेवा म्हणतात. दोन जागा एकदम भरतील म्हणून मोह होतोय.

उत्तर : भावंडांना सूट द्यायला हरकत नाही, दुसऱ्या मुलावर 10 टक्के. त्याहून जास्त नको, कारण दुसरं मूल पहिल्याहून कमी जागा घेत नाही. सातचा तास मात्र वेगळा मोजा. रोजचा एक जादा तास म्हणजे आठवड्याचे पाच तास, महिन्याला वीसच्या वर. ते फुकट दिलेत की बाकीचे पालकही मागणार, आणि त्यांना नाही म्हणायला तुमच्याकडे तोंड राहणार नाही. सातपर्यंत ठेवायची तयारी असेल तर त्याची फी ठरवून सगळ्यांसाठी खुली करा. तयारी नसेल तर सहा म्हणजे सहा. आधी एक महिन्याच्या करारावर घ्या, एक महिन्याची फी आगाऊ आणि सोडताना एक महिन्याची नोटीस. हे ऐकून ते म्हणाले की ‘एवढं कागदोपत्री कशाला, आपण घरच्यासारखे’, तर त्या दोन जागा रिकाम्या ठेवा आणि यादीतल्या पुढच्या नावाला फोन लावा.